सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं

हट्टुरे सर म्हणाले, एक हालचाल निवडा,
कुठलीही, पण रोजची,
आणि सोमवारपर्यंत तिचे कोन मोजून आणा.
इरण्णानं भाला घेतला. तो भालाच घेणार.
परवीननं शंभर मीटरचा स्टार्ट.
आणि मी, ऑगस्टपासून गुडघा बिघडलेली,
तिहेरी उडी आता फक्त वहीत मारणारी
(घरी, थोडा लचकलाय, एवढंच सांगितलेलं),
विडी घरकुलात आले
आणि आईच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला
पांढरी चिकटपट्टी लावली.

"येम चूस्तुन्नव?" काय बघतेस?
म्हटलं, हात.
"हातात काय बघायचंय? पान बघ.
या आठवड्यात सगळं भोकाचं दिलंय कारखान्यानं."

शेंगाचटणीच्या डब्याला मोबाइल टेकवला.
सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं.
सावकाश चालवलं की दिसतं:
पान वळण्याआधी अंगठा वळतो,
अंगठ्याआधी मनगट,
आणि त्याच्याही आधी, चित्र क्रमांक एकतीसला,
मान किंचित डावीकडे जाते,
शेजारून कुणी हाक मारावी तशी.
एका विडीला चौदा सेकंद.
दिवसाला हजार. वर्षं सव्वीस.
गुणाकार मांडला, आणि खोडला.

आमच्या पुस्तकात सांध्याला संधी म्हणतात.
आईला सांधा माहीत आहे,
ढग आले की बोटात आधी कळतो.
संधी हा शब्द ती वर्षातून एकदा वापरते,
फी भरून आल्यावर, चप्पल काढता काढता.

विद्यापीठात दुपारी वीज गेली.
ट्रेडमिलवर परवीन धावता धावता उभी राहिली,
छातीला वायरी, तोंडाला मास्क,
आणि बाहेर त्रेचाळीस अंश.
काळ्या मातीच्या भेगेत टाच अडकेल
म्हणून मैदानाकडे कुणी फिरकेना.
आम्ही व्हरांड्यात बसून एकमेकांचे व्हिडिओ बघितले.
इरण्णाचा मी घरी नेला.

आईनं आधी सुपातून मान वर न काढता बघितला.
मग काढून. "परत लाव."
मग, "परत."
"हा पोरगा फेकायच्या आधीच घाबरतोय.
कोपर खाली घेतोय बघ.
दुखतंय त्याला. सांगत नसेल."

सकाळी साडेपाचला ते इरण्णाला सांगितलं.
"काय बे, तुझी आई डॉक्टर हाय का?"
भाला जमिनीत रोवला, उपटला, पुन्हा रोवला.
"फेब्रुवारीपासून हाय. निवड चाचणी होईस्तोवर
कुणाला बोलू नको."
नाही बोलले. इथं लिहितेय तेवढंच.

सोमवारी सरांनी माझा व्हिडिओ दोनदा चालवला.
"यात खेळ कुठाय?"
मागून कुणीतरी हसलं.
माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मराठीत होतं की तेलुगूत
हे ठरेपर्यंत पुढच्याचा नंबर आला.
वीसपैकी चौदा. शेरा लाल शाईत:
नमुना एकच. तुलना हवी.

म्हणून आज मीच सूप घेऊन बसले.
माझ्या खांद्याला, कोपराला, मनगटाला पट्टी,
मोबाइल आईच्या हातात,
तिच्या अंगठ्याला स्क्रीन लागत नाही,
तंबाखूनं ठसा पुसट झालाय, दोनदा पदराला पुसून मग लागते.
पहिली विडी पोटाशी फुगली. दुसरीचा दोरा सुटला.
"छाट," आई म्हणाली. तिसरीलाही छाट.
मान डावीकडे नेऊन बघितली. काही झालं नाही.

मग तिनं मोबाइल खाली घेतला.
"हात राहू दे.
मांडी घालताना उजवा गुडघा चोरलास तू.
कधीपासून?"

व्हिडिओ चालूच होता.
त्यात आता फरशी दिसते, तेंदूच्या कातरलेल्या कडा,
आणि माझा आवाज,
महिने मोजताना अडखळणारा.